सहा मिनिटं वजा एक पन्नास

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी, तिसरा रविवार. ठिकाण मुरबाडच्या पुढचा एक तलाव. फरक चार मिनिटं दहा सेकंद. हजर माणसं शंभरेक असतील – पण ज्या घडीला ते घडलं, तेव्हा तिथे मी एकटा होतो. तीन वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या घरात तर अजूनही माहीत नाही.

माझा धंदा जमीन मोजण्याचा. शहापूर तालुक्यात अशी गावं कमी असतील जिथे मी खांबखुणा रोवल्या नाहीत. वीतभर बांधावरून सख्खे भाऊ कोयते काढताना पाहिले आहेत, आणि दोघेही शेवटी माझ्याच फितीवर विश्वास ठेवतात. का? तर हा माणूस आकडा फिरवत नाही. हे आधी सांगतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते याच्यामुळेच जास्त वाईट आहे.

शेहेचाळिसाव्या वर्षी मला ट्रायथलॉनचा नाद लागला. आधी पोहायचं, बाहेर येऊन लगेच सायकल, सायकल टाकून लगेच पळायचं. घड्याळ मधे थांबत नाही. अंग पुसा, बूट घाला, हेल्मेट शोधा – सगळा वेळ तुमच्याच नावावर. ठाण्या-पुण्याहून येणाऱ्यांच्या सायकली माझ्या मोटारसायकलपेक्षा महाग. त्यांच्याशी मी पायाने काय बरोबरी करणार? मग मी या मधल्या वेळेच्या मागे लागलो. नंबर लावायचा पट्टा परकराच्या इलास्टिकचा शिवून घेतला, अठरा रुपये. बुटांना नाडीऐवजी तेच इलास्टिक, म्हणजे गाठ मारायला नको. बुटात पावडर, म्हणजे ओला पाय सरकन आत. काखेत आणि मानेला खोबरेल. चिक्कीचे तुकडे सायकलच्या दांड्याला चिकटपट्टीने. माझी जागा लांबून दिसावी म्हणून बायकोचा भगभगीत गुलाबी टॉवेल. आणि सगळ्यात आवडती युक्ती म्हणजे जुन्या बाजारातून घेतलेले, पॅडलला अडकणारे बूट. ते आधीच पॅडलवर बसवून ठेवायचे आणि लोंबू नयेत म्हणून साध्या लाल रबरबँडने सायकलला बांधायचे. धावत येऊन पाय घातला, पॅडल मारलं, की रबर तुटतं. सेकंद वाचले वीस. खर्च शून्य.

भास्करला यातलं काही जमायचं नाही. भास्कर वाशिंदच्या एका कारखान्यात मशीनवर आहे, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. किन्हवलीच्या रस्त्यावर आम्ही पहाटे बरोबर सायकल मारायचो. दम त्याच्यात माझ्या दीडपट. पण पाण्यातून आला की खाली बसणार, पाय पुसणार, मोजे घालणार, नाडीला दोन गाठी. त्याची बायको सुनंदा म्हणायची, "लग्नाला पन नवरदेव एवढा नटला नव्हता."

त्या रविवारी सायकलच्या चार फेऱ्या होत्या, पाच-पाच किलोमीटरच्या. स्पर्धा लहान, पायाला बांधायच्या चिप वगैरे काही नाही. लांबच्या टोकाला कॉलेजची मुलं उभी – वळताना प्रत्येक फेरीला एक रबरबँड हातात देणार. मनगटात चार झाले की शेवटी दाखवायचे आणि पळायला जायचं. रबरबँड कसले? वाणी पुड्यांना लावतो तसले. लाल.

दुसऱ्या फेरीत माझी चेन उतरली आणि अडकून बसली. ओढून पाहिली, सुटेना. भास्कर मागून आला. तो निघून जाऊ शकला असता – पंचेचाळीसच्या वरच्या गटात आम्ही दोघं तिसऱ्या नंबरासाठी झुंजत होतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो उतरला. बोटं काळी करून चेन बसवली.

"दादा, आता गिअर बदलू नका, हायेत तसेच चालवा," म्हणाला आणि पुढे गेला.

तिसरी फेरी संपत आली तेव्हा माझ्या मांड्या दगड झाल्या होत्या. भास्कर कुठेच दिसत नव्हता. ओढ्यावरच्या एका मोरीवर मी खाली पाहिलं. डाव्या बुटाचं रबर तुटलंच नव्हतं. निसटून बुटाच्या टोकाला अडकलेलं होतं. लाल.

मी किती विचार केला? एका मोरीच्या लांबीइतका. सहा मीटर असेल. वाकून ते रबर काढलं आणि मनगटात घातलं. सायकल संपायच्या जागी उभ्या असलेल्या मुलाने हात पाहिला, चार मोजले, म्हणाला, "जा काका, मस्त!"

मी चौथी फेरी मारलीच नाही. मला एका फेरीला सव्वाअकरा मिनिटं लागत होती. शेवटी मी भास्करच्या चार मिनिटं दहा सेकंद पुढे आलो. म्हणजे खरा मी सात मिनिटं पाच सेकंद मागे होतो – मला थांबून मदत करूनही तो एवढा पुढे होता. तिसरा नंबर मला. शील्ड आणि दोन हजार रुपये.

इथे थांबलो असतो तर हा कबुलीजबाब फेरी चोरल्याचा झाला असता. पण खरी गोष्ट पुढेच आहे. ती मी इतका वेळ टाळतो आहे – कळलं असेल तुम्हाला.

सायकली टपावर टाकून आम्ही जीपने परत निघालो.  वाटेत भास्कर म्हणाला, "दादा, मी तुमाला मागं टाकलेला ना? मंग तुमी माज्या पुढं गेलात कुठं?"

त्याच्या आवाजात संशय नव्हता. खरंच विचारत होता. आणि मी – आकडा न फिरवणारा माणूस – त्याला आकडे दिले. म्हणालो, "तू बूट घालत होतास तेव्हा. माझे दोन्ही बदल मिळून एक मिनिट पन्नास सेकंद. तुझे मी घड्याळावर बघितले, बरोब्बर सहा मिनिटं. सहातून एक पन्नास गेले, किती राहिले? चार दहा. तेवढ्यानेच हरलास बघ."

मी काहीही बघितलं नव्हतं. ही वजाबाकी मी जीपमध्ये बसल्या बसल्या उलटी बनवली होती. उत्तर आधी, आकडे नंतर.

त्याने हातांकडे पाहिलं. चेनचं काळं अजून नखांत होतं. "हातच जड माजे," म्हणाला.

त्यानंतर भास्कर एकाही स्पर्धेत उतरला नाही. "दोन मिनटांत हुईल तवा फी भरीन," म्हणायचा. शिफ्ट संपली की अंगणात बादलीत पाय बुडवून बूट घालायची तालीम. सुनंदा मोबाइलवर वेळ लावून उभी. माझ्या सगळ्या युक्त्या त्याने माझ्याकडूनच मागून घेतल्या – आणि मी दिल्या! इलास्टिकसुद्धा मीच आणून दिलं. मोजे सोडले, टाचा सोलून निघाल्या. तीन मिनिटं, अडीच, दोन वीस. दर आठवड्याला मला फोन करून आकडा सांगायचा, आणि मी शाबास म्हणायचो. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास – त्याची पळायची वर्षं अशी अंगणात गेली. तेवढ्यात गुडघा धरला. गेल्या दिवाळीत डॉक्टरने पळणं बंद कर म्हणून सांगितलं. त्याच आठवड्यात त्याचा फोन आला होता. एक पंचावन्न.

गेल्या महिन्यात मी आयोजकांना लेखी कळवलं आणि शील्ड परत नेऊन दिलं. त्यांनी जुन्या यादीतून माझं नाव काढलं, भास्करचं वर घेतलं. पैसे तुम्हीच त्यांना द्या म्हणाले. मी वाशिंदला गेलो. अंगणाच्या कडेला चपला काढल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं – मोरी, रबर, आणि जीपमधली वजाबाकी. ती सांगताना सगळ्यात जास्त वेळ लागला.

 भास्करने फेरीचं विचारलं नाही, नंबराचं विचारलं नाही. म्हणाला, "म्हंजे त्या दिवशी माजा हात जड नव्हता?"

"नव्हता," मी म्हणालो. "तुझा वेळ मी बघितलाच नव्हता."

तो दाराकडे वळला. "ऐकलंस काय गो?"

सुनंदा उंबऱ्यातच होती. म्हणाली, "ऐकला." माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

तिसऱ्या क्रमांकाचे दोन हजार रुपये मी भास्करला दिले. त्याने ते न मोजता सुनंदाच्या हातात ठेवले. मला कोणी बसा म्हणालं नाही, चहाचं विचारलं नाही. मी चपला घातल्या आणि निघालो.