गरम झाली की मिसिंग

इथं हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. कारण आमच्या घरात असल्या गोष्टींना थाराच नाही. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले. बावीस प्रतिज्ञा आम्हाला पाढ्यांसारख्या पाठ. भूतखेत, अंगात येणं, देवऋषी... कुणी विषय काढला की मी उठून जातो. त्यातून मी पडलो मेकॅनिक. परभणीला वसमत रोडवर माझं गॅरेज होतं, आता पोरगा बघतो. इंजिन अडलं म्हणजे त्याला कारण असतं, एवढीच माझी श्रद्धा. तरी लिहितोय. हसायचं त्यांनी हसावं.

आमचं गाव पिंगळी. घर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या आक्काच्या सासरी घरं जाळली अशी खबर आली. माझा थोरला भाऊ किसनदादा पालमकडं मास्तर होता. रस्त्यानं फटफटी नेणं धोक्याचं, म्हणून त्यानं ती स्टेशनवरच्या लिंबाखाली लावली आणि रेल्वेत बसला. जाताना म्हणाला, "माय, आक्काला आन् लेकरांला घिऊन येतो."

आक्का लेकरं घेऊन आधीच आडरानातून निघाली होती. काही दिवसांनी ती सुखरूप घरी पोचली. दादा तिच्या गावाला गेलाच नव्हता, आणि परतही आला नाही. कुठं उतरला, कुणी उतरवला, काहीच कळलं नाही. पोलिसांनी मिसिंग दाखल करून घेतली. हा शब्द मायनं तिथं पहिल्यांदा ऐकला.

दादा शनिवारी पालमहून यायचा तेव्हा दाराची बाहेरची कडी वाजवायचा — दोनदा, मग जरा थांबून एकदा. खट-खट... खट. तो गेल्यापासून मायनं आतून कडी लावणं सोडलं. दार नुसतं लोटायचं. रात्री कुत्री आत शिरायची, थंडीत वारा यायचा, आक्का भांडायची. मायचं एकच — "त्यो आला आन् दार बंद दिसलं तर?"

त्याची फटफटी मी वापरायला लागलो. तेव्हा मी परभणीला उस्तादांच्या हाताखाली काम शिकत होतो. वर्षा-दोन वर्षांनी गाडीला एक खोड लागली. थंड असताना मस्त, गरम झाली की मिसिंग. परभणीहून पिंगळीला येईस्तोवर इंजिन तापायचं, आणि नेमकी आमच्या दारासमोर गाडी ठोके चुकायची. फट-फट... फट. फट-फट... फट.

आता मिसिंगला ताल नसतो. कुठल्याही मेकॅनिकला विचारा. ती कशीही येते, फटाकते, दम खाते. पण ही तशी नव्हती. पहिल्यांदा झालं तेव्हा माय भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं तशीच दारात आली. "किसन?" बघते तर मी. चुलीपाशी परत गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिचा तो दारातला चेहरा मला बघवेना हो.

मग हात धुवून मागं लागलो. प्लग बदलला, प्लगची टोपी बदलली. कार्बोरेटर उघडून जेट फुंकला. टाकीच्या झाकणाचं भोक चोंदलं की पेट्रोल उतरत नाही, तेही बघितलं. गॅरेजात गाडी अशी गुणी चालायची की मलाच वेड्यात काढावं. उस्ताद पान चघळत म्हणाले, "ठंडा इंजन झूट बोलता रे. गरम को पूछ."

माय अधूनमधून पोलीस चौकीत विचारायला परभणीला यायची आणि मग गॅरेजच्या बाकड्यावर बसायची. त्याच दिवसांत एकदा एक गिऱ्हाईक आलं. "मिस्त्री, गाडी लय मिसिंग मारायली, बघा की." मायनं मान वर केली.

"काहून रे गौतम, तुज्याकडं रोज मिसिंग नीट व्हायली... त्या पोलिसाला आमची येक नीट व्हईना?"

उस्ताद स्वतः उठून तिच्यासाठी चहा आणायला गेले.

शेवटी मी गरमला विचारलं. भर उन्हात गाडी तापवली, मिसिंग सुरू झाली तशी बंद न करता बाजूचं झाकण काढलं. आत पॉइंट, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पत्त्या, त्यांत निळी ठिणगी फडफडत होती. ओलं फडकं कॉइलवर धरलं — फरक नाही. कंडेन्सरवर धरलं, आणि गाडी सुतासारखी सरळ! कंडेन्सर म्हणजे अंगठ्याएवढी डबी. गार असली की काम करते, तापली की दगा देते. नवा टाकला. संध्याकाळी दारासमोर गाडी न चुकता चालली आणि माय बाहेर आली नाही.

जेवताना तिनं विचारलं, "गाडीला काय केलंस?"

"नीट केली माय. कंडेन्सर खराब होता."

"बरं केलंस," म्हणाली, आणि अर्धी भाकर तशीच ठेवून उठली. मला वाटलं, दादाला या वेळी आपणच घराबाहेर काढलं. रडू आलं मला.

इथपर्यंत अमानवीय काहीच नाही. खराब पार्ट, आणि लेकराची वाट बघणारी आई. ताल? ताल माझ्या कानाचा खेळ, असं मी मनाला समजावलं.

मधे वर्षं गेली. मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तिनं खाट धरली. दादाची फटफटी मागं गंजत पडली. मी नवी चार-स्ट्रोक गाडी घेतली. आणि चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला बातमी आली. मागितलं होतं नामांतर, झाला नामविस्तार... पण बाबासाहेबांचं नाव लागलं. दुपारीच गॅरेजला कुलूप घातलं, पेढे घेतले, पिंगळीला निघालो.

दारासमोर थांबलो. इंजिन चालूच होतं. उतरणार तेवढ्यात — फट-फट... फट.

मला वाटलं भास. परत तेच, आणि परत. आत खाट करकरली. धरल्याशिवाय न उठणारी माय भिंत चाचपत दारात आली. माझ्याकडं नाही, माझ्या बाजूला रस्त्याकडं तोंड करून म्हणाली,

"लय उशीर केलास रे किसन."

इंजिन सरळ झालं. मी चावी फिरवली. "माय, मी हाय. गौतम."

"म्हाईत हाय की मला. तू तर रोजच येतूस."

तिला खाटेवर बसवलं, पेढा हातात दिला, सांगितलं — बाबासायबाचं नाव लागलं विद्यापीठाला. तिनं पेढा पदराच्या टोकात बांधला. मग म्हणाली, "त्येच सांगायला आला आसंल."

ती नवी गाडी मी दुसऱ्या दिवशी अख्खी खोलली. तिला पॉइंट नाही, कंडेन्सर नाही, सगळं इलेक्ट्रॉनिक. ज्या पार्टपायी तशी मिसिंग यायची, तो पार्टच त्या गाडीत नव्हता! प्लग पाहिला, वायर पाहिली, भर उन्हात तापवून तापवून पाहिली. पुढं कैक वर्षं चालवली, एक ठोका चुकली नाही. तुमच्यापैकी कुणी मेकॅनिक असेल तर कारण सांगा, मी खरंच ऐकून घेईन.

एक राहिलं. त्या संक्रांतीच्या दिवशी दिवेलागणीला मी सवयीनं दार नुसतं लोटलं. खाटेवरून माय म्हणाली, "कडी लाव."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"कडी लाव गौतम. थंडी यायली. आले आता समदे घरात."

कडीला इतका गंज चढला होता की कोयंड्यात बसेना. गाडीचं ऑइल घातलं, हळूहळू ठोकली, तेव्हा लागली.