शून्याच्या जागी एक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट माहीत नाही.

चिकलठाण्याच्या कारखान्यात वेगवेगळ्या लांबीच्या लोखंडी पट्ट्या यायच्या. सगळ्यांचे सारखे तुकडे करायचे, होतील तितके मोठे, आणि भंगार उरायला नको — म्हणजे शाळेतला मसाविच. तो मी कागदावर काढायचो, वर्षानुवर्षं. मग सुहास आला. वयानं लहान, अजून कायम न झालेला. त्यानं या हिशेबाचा प्रोग्राम लिहायला घेतला आणि चहाच्या वेळी सगळ्यांदेखत मला म्हणाला, "भाऊ, तुमच्या पाचोडच्या बाजारात मसावि किलोवर मिळतो का डझनावर?"

सगळे हसले. मीही हसलो. हसताना दात आवळले गेले होते, एवढं आठवतं.

प्रोग्राम कसा चालतो हे त्यानंच मला समजावलं होतं — हौसेनं. उत्तराची सुरुवात शून्यापासून. मग एकेक लांबी घ्यायची, आधीच्या उत्तराशी तिचा मसावि काढायचा, पुढं जायचं. शून्याच्या जागी एक लिहिला तर? मग कुठल्याही लांब्या द्या, शेवटी एकाच्या वर काही येत नाही.

साहेबांना दाखवायचं होतं त्या सकाळी तो प्रोग्राम उघडा ठेवून तोंड धुवायला गेला. त्याची नोकरी कायम होणं यावरच होतं, आणि ते मला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर केलं असतं का? नसतं केलं, बहुतेक.

अठराशे, चोवीसशे, तीन हजार. सहाशे यायला हवं होतं. आलं एक. एक मिलिमीटर.

साहेब म्हणाले, "पट्ट्या कापायच्यात का कीस पाडायचाय?"

या वेळी मी मनापासून हसलो. सुहास भागाकाराच्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत होता, घामाघूम. "भाऊ, बघा ना जरा. काल बरोबर येत होतं." मी वाकलो. त्या एकाकडं चांगलं पाहून घेतलं. म्हणालो, "नाय बा, मला काय कळतंय त्यातलं."

महिन्याभरात त्याला काढलं. मग मी एकाचं परत शून्य केलं आणि साहेबांना दाखवलं. तो प्रोग्राम आजही चालतो — माझ्या नावानं.

सुहासचं आता शहागंजात झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या आठवड्यात भेटला. केस पांढरे झालेत. चहा पाजला, म्हणाला, "भाऊ, कुठं चुकलं होतं ते अजून डोक्यातून जात नाय."

मी मान हलवली. चहा संपवला. आणि — त्याला अजून सापडलेलं नाही, याचं मला बरं वाटलं.