पापडवाल्या ताईंची अट

आमलीत आमच्या चाळीत एक रीत आहे. गावाकडे जाताना खोलीची चावी शेजारच्या घरात ठेवून जायचं. लग्नसराईत आमच्या दारामागच्या एकेका खिळ्यावर चार-चार चाव्या लटकतात. माझा धंदाही याच रीतीवर चालला होता, हे मला फार उशिरा कळलं.

मी वेबसाइटची नावं विकतो. मोठ्या कंपनीकडून नाव घ्यायचं, गिऱ्हाइकाला वर्षाच्या बोलीवर द्यायचं आणि मुदत संपायच्या आत पुन्हा पैसे भरायचे. नाही भरले तर साइट बंद, ईमेल बंद, आणि पुढे ते नाव दुसरा कुणीही उचलू शकतो. सगळ्यांची नावं माझ्याच खात्यात असायची. मुदत आली की कंपनीकडे आगाऊ ठेवलेल्या माझ्या पैशातून मी ती चालू ठेवायचो आणि मग वसुलीला निघायचो. "तुमच्याकडेच राहू द्या, आम्हाला त्यातलं काय कळतं?" असं लोक म्हणायचे. खरं सांगायचं तर मला ते ऐकायला आवडायचं.

मग डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं, तेही सुरतेला. मी घाबरलो. ठरवलं, ज्याचं नाव त्याच्या ताब्यात. माझ्या साइटवर प्रत्येकाला वेगळं लॉगिन काढून दिलं आणि कळवलं की यापुढे आपापलं बघा, पैसेही तिथेच भरा.

लोकांनी भलताच अर्थ काढला. शेजाऱ्याने न मागता चावी परत आणून दिली, की आपलं काही चुकलं का असं वाटतंच ना, तसं झालं. एकाने विचारलं, धंदा विकलास का? दुसरा रुसवा काढायला मिठाई घेऊन आला. ऑपरेशनचं मी कुणाला बोललोच नव्हतो.

सांगितलं ते फक्त किलवणीच्या पापडवाल्या ताईंना. त्या मूळच्या धुळ्याकडच्या. उडदाचे पापड आणि कुरडया करतात, ऑर्डरी साइटवरून येतात. एका वर्षी त्यांचा सगळा माल भिजला तेव्हा मी पदरचे पैसे घालून त्यांचं नाव चालू ठेवलं होतं आणि ते पैसे मागितलेही नव्हते, तेव्हापासून त्या मला भाऊ मानतात. लॉगिनचा कागद पुढे केला तर त्यांनी तो उचललाच नाही.

"माझी चावी मला देता, ते ठीक. पन भाऊ, तुमची कोनाकडे आहे?"

"माझी माझ्याकडे."

"आनि तुम्हाला आत घेतील तवा?"

मी चिडलो. माझ्या साइटची मुदत अजून महिनाभर होती आणि मी आठवड्यात घरी येणार होतो. पण प्रश्न खरा होता. सगळ्यांची लॉगिनं माझ्याच साइटवर होती. तिचं नाव बंद पडलं तर एकूणएक गिऱ्हाईक दाराबाहेर.

"वहिनींना शिकवा पहिले. मग पाहू माझ्या कागदाचं," ताई म्हणाल्या.

नाइलाजाने मी बायकोला शेजारी बसवलं, पासवर्ड दिला, पैसे कसे भरायचे ते दाखवलं. ती एकदा चुकली, मी चारदा ओरडलो.

ऑपरेशन नीट झालं, पण जखम चिघळली आणि मुक्काम लांबला. तापात कसली तारीख आणि कसला वार. कंपनीकडे माझी शिल्लकही नव्हती. दवाखान्याच्या भीतीने मी नवे पैसे भरलेच नव्हते. माझ्या साइटची मुदत संपत आल्याचा ईमेल बायकोने पाहिला आणि मला त्याचा पत्ता लागू दिला नाही. त्याच दिवशी ताई कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून बसने सुरतेला आल्या होत्या. दोघी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या. बायकोने लॉगिन केलं, पैसे ताईंनी आपल्या फोनवरून भरले. मग ताई आत आल्या आणि भाकरी डॉक्टर खाऊ देणार नाहीत म्हणून हळहळत बसल्या.

घरी आल्यावर पावती पाहिली तेव्हा मला हे कळलं. कुणाची साइट बंद पडली नव्हती, कुणी दाराबाहेर राहिलं नव्हतं. मी पावती हातात धरून रडलो. मला या दोघींनी वाचवलं, डॉक्टरांइतकंच, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी गोळी घ्या.

ताई भेटायला आल्या तेव्हा मी पैसे पुढे केले. त्यांनी ते माझ्याच उशीखाली सारले. मग निदान हा तरी घ्या, म्हणून लॉगिनचा कागद दिला. तुमची अट तर कधीच पुरी झाली, म्हटलं.

ताईंनी कागद घेतला, घडी घातली आणि बायकोच्या हातात दिला.

"माझी चावी वहिनींकडे राहू द्या. तुमचा काय भरवसा?"

बायको खळखळून हसली. मीही हसलो आणि छातीचे टाके दुखले.