ब्लोअरवाल्या आक्का

वणव्याला रागावणारी बाई मी आक्कांच्या आधी पाहिली नव्हती. दुसऱ्याच्या रानात शिरणाऱ्या शेळीला दटावावं, तशा त्या जाळाला दटावायच्या, "हाऽड! तिकडं कुटं निगालास?" सगळी हयात शेरडं-मेंढरं राखण्यात गेलेली. डोंगरावर पळणारी प्रत्येक गोष्ट त्यांना वळवण्याजोगी वाटायची.

मी वनरक्षक म्हणून मुळशीत रुजू झाले, त्याच वर्षी आमच्याकडे आग विझवायचे ब्लोअर आले. तोवर हिरव्या डहाळ्यांनी झोडपूनच वणवा विझवायचा. पाठीवर घ्यायचं ते यंत्र, त्याची ती घरघर. गडीमाणसं लांबूनच बघत राहिली. रोजंदारीवर आलेल्या आक्कांनी मात्र पदर खोचला. "तीन लेकरं पाठीवर वाढिवली. ह्ये चौथं. फकस्त लई वरडतंय." हवेच्या झोतानं जाळ आधीच जळून गेलेल्या बाजूला कसा लोटायचा, हे त्या हौसेनं शिकल्या. उपग्रहाकडून आगीचा निरोप माझ्या मोबाईलवर आला की म्हणायच्या, "आभाळातनं बी कुनीतरी राखण करतंय म्हन की!"

पूर्वी वणव्याचा काळ होळीच्या आसपासचा. अलीकडे डोंगर संक्रांतीलाच वाळून कडकड वाजू लागले. तरी पावसाळ्यात गवत चांगलं फुटावं म्हणून आक्कांचे धाकटे दीर जुन्या सवयीनं माळ पेटवायला निघाले. आक्कांनी सगळ्यांदेखत त्यांच्या हातातली काडेपेटी काढून घेतली. "भावजी, तवाचं रान न्हाई ऱ्हायलं आता. पेटलं तर तुमच्या हातात ऱ्हायचं न्हाई."

दिरांनी बोलणं टाकलं. घराला घर लागून, पण शब्द नाही. आक्कांकडून त्यांच्या घरी ताक मात्र रोज जायचं.

मग एका दुपारी खालच्या रस्त्याकडून वणवा चढला. वारा फिरला आणि जाळाला दोन तोंडं फुटली. एक आक्कांच्या चाऱ्याच्या गंजीकडे, दुसरं रिसॉर्टच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खोल्यांकडे. आमच्यापाशी त्या वेळी ब्लोअर एकच. तिकडून एक बाई धावत आली, "अम्मा, बच्चे अंदर हैं!"

आक्कांनी गंजीकडे एकदाच पाहिलं आणि खोल्यांकडे पळत सुटल्या. त्यांनी दारातला जाळ मागं रेटला, तोवर मी मुलांना बाहेर काढलं.

गंजीची राख झाली. संध्याकाळी तिथंच बसून आक्का हमसून रडल्या. मी समजूत घालायला गेले तर म्हणाल्या, "रडू दे गं मला. पोरं वाचली, लई बरं झालं. पर शेरडांना आता काय घालू?"

तेवढ्यात दीर आले. डोक्यावर गवताचा भारा. त्यांनी तो खाली टाकला आणि वळले.

आक्का नाक पुसत म्हणाल्या, "भावजी, जेवून जावा."

पुढच्या हंगामात आम्ही जाळरेषा काढायला लागलो, म्हणजे वणवा अडावा म्हणून गवत कापून मोकळे पट्टे करू लागलो, तेव्हा दीर आपणहून विळा घेऊन आले.

यंदाच्या हिवाळ्यात आक्का छातीच्या दुखण्यानं गेल्या. मी पौडहून पोचले तेव्हा सरण रचून झालं होतं, पण अग्नी कुणी देत नव्हतं. दीर आणि गावातले गडी सरणाभोवतीचं वाळलं गवत कापत होते. मीही विळा मागून घेतला.

चारी बाजूंनी जमीन उघडी झाली. दिरांनी वाकून गवताची शेवटची काडीही उचलली आणि मग आक्कांच्या लेकाला म्हणाले, "आता दे."