गिरी सर, चव्हाण मॅडम आणि कुत्र्याच्या छत्र्या

फजितीचे किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. माणूस ते लपवत राहतो, म्हणूनच ते साठतात. मग कधीतरी दोस्तांत चहा येतो, एक किस्सा तोंडातून निसटतो आणि मागून बाकीचे बाहेर पडतात.

हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राला आम्ही तिघं. विभागप्रमुख गिरी सर, पुसेगावजवळच्या बंजारा तांड्यावरून आलेल्या चव्हाण मॅडम आणि मी. जिल्ह्यातल्या जंगलात कोणत्या अळिंब्या उगवतात, त्या इथं कुठून आल्या, त्यांचे पूर्वज कोण, हा आमचा प्रोजेक्ट. गावाकडं अळिंबीला म्हणतात कुत्र्याची छत्री. आमच्या इज्जतीचा अंदाज यावरूनच घ्या!

*

सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडं सागाची झाडी आहे. तिथं आम्ही तिघं ओणवे होऊन पाचोळा उचकत होतो. शेळ्यांमागं आलेले एक म्हातारबाबा थांबले.

"काय हरवलं?"

सरांना समजावून सांगायची हौस फार. "बाबा, वारुळावर छत्री उगवते ना, तिची अन् वाळवीची जोडी काही कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या जंगलात जमली. वाळवी त्या बुरशीची शेती करते. मग दोघी पसरत पसरत आपल्याकडं आल्या."

बाबांनी मन लावून ऐकलं. "म्हंजे मूळ आफ्रिकेत हाय?"

"व्हय!" सर खूश.

"मंग तुमी इथं काहून वाकून राहिले?"

सर कंबर सरळ करून गाडीकडं चालू लागले.

*

आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर एका ओंडक्यावर पिवळा, फुगीर गोळा दिसला. भुरभुर पाऊस होता. सरांनी फोटो काढला, गोळा सालीसकट पिशवीत घातला आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं, "मराठवाड्यात पहिलीच नोंद!"

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी शाल-श्रीफळ दिलं. सरांनी भाषणही केलं. "ही बुरशी सह्याद्रीतून इकडं उतरली की सातपुड्यातून, हा खरा प्रश्न आहे." टाळ्या!

दुपारी गोळा वाळवायला ओव्हनमध्ये ठेवला. थोड्याच वेळात विभागभर जळक्या प्लॅस्टिकचा वास. मी चिमट्यानं गोळा उलटा केला, तर खाली प्लॅस्टिकच्या नळीचं टोक चिकटलेलं. खिडकीच्या फटीत डब्याच्या नळीनं भरतात ना, तो फोम!

चव्हाण मॅडमनी पंखा लावला. सरांनी ओव्हन बंद केला. मग हळूच म्हणाले, "शाल परत करायची काही पद्धत असते का हो?"

*

वारुळाच्या आत बुरशीची बाग कशी असते ते बघायचं होतं, म्हणून एकदा एका गावाच्या शिवारात खणायला घेतलं. हातभर खोल गेलो नसू, तोवर माणसं गोळा झाली.

"गुप्तधन काढून राहिले!" कोणीतरी ओरडलं. सरांनी ओळखपत्र दाखवलं, बुरशी दाखवली. कोणी ऐकेना. एकानं सरांची कॉलर धरली. शेवटी सरपंचानं आमच्या प्राचार्यांना फोन लावला, तोही स्पीकरवर.

"तुमच्याकडं गिरी सर म्हणून कोणी हायेत का?"

"कोण गिरी?" प्राचार्यांचा आवाज आला. "अच्छा, ते फोमवाले! सोडा त्यांना. गरीब माणूस आहे."

कॉलर सुटली. फोमचं काय ते सगळ्यांनी विचारून घेतलं, पोट धरून हसले, वर आम्हाला चहा पाजला. येताना सर म्हणाले, "यापेक्षा मार खाल्ला असता तर बरं झालं असतं."

*

पुढची लाज माझ्या वाट्याची. आमच्या एका छत्रीच्या डीएनएचा रिपोर्ट पुण्याहून आला आणि त्यावरून मी तिचा वंशवृक्ष काढला. नांदेडच्या सेमिनारमध्ये स्टेजवरून जोरात सांगितलं, "ही छत्री बाकी सगळ्या छत्र्यांपासून फार प्राचीन काळी वेगळी झाली. झाडावर हिची फांदी एकटीच आहे!"

अध्यक्ष असलेल्या बाई फार प्रेमानं बोलल्या. "एकटी नाहीये ती. पाव फुगवायचं यीस्ट असतं ना, त्याच्या शेजारी बसलीय. सॅम्पल कापताना तुम्ही काय खात होता?"

मी पहिल्या रांगेत बसलेल्या सरांकडं बघितलं. सर प्रामाणिक माणूस. उठून उभे राहिले आणि म्हणाले, "वडापाव."

*

पोळा होऊन गेला होता. माळावरच्या वारुळांवर छत्र्या फुटल्या होत्या. पुसेगावच्या बाजूला त्या कुठवर सापडतात आणि लोक त्यांना काय म्हणतात, हे विचारायला आम्ही चव्हाण मॅडमच्या तांड्यावर गेलो. मॅडमच्या घरी आम्ही पहिल्यांदाच जात होतो. मॅडम वाटभर खिडकीबाहेरच बघत होत्या.

त्यांची याडी, म्हणजे आई, दारातच उभी होती. हातपाय धुवायला पाणी दिलं, बाज टाकली. सरांनी मोबाइलवर छत्रीचा फोटो दाखवला. "मावशी, तुमच्याकडं हे खातात का?"

याडीनं फोटो बघितला. मग लेकीकडं बघितलं. "न्हाई वो सर. कुत्र्याच्या छत्र्या कोण खातंय!"

"वाटलंच मला," सर म्हणाले. "आता तांडे सुधारले."

मॅडम घरात निघून गेल्या.

मग जेवणं. ज्वारीची गरम भाकरी, ठेचा आणि काळसर रस्सा. सरांनी रस्सा दोनदा मागून घेतला. "मावशी, मटण एक नंबर! इतकं मऊ मी कुठं खाल्लं नाही."

याडी वाढत राहिली. माझ्या घासात एक तुकडा आला. त्याच्या खाली बारीक पापुद्र्यांची झालर होती. रोज भिंगाखाली बघतो, ती छत्रीची झालर ओळखू येणार नाही? मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी मान वर केली नाही.

तेवढ्यात सरांचाही हात थांबला. त्यांनी ताटातला तुकडा बोटानं उलटा केला.

"मावशी," त्यांचा आवाज एकदम खाली आला होता, "हे काय आहे?"

याडीनं पुन्हा लेकीकडं बघितलं.

"सांग ना याडी," मॅडम ताटाकडं बघतच म्हणाल्या.

याडीनं पळी पातेल्यात ठेवली. "सांगू? काल फोनवर तूच म्हणली ना, आपण हे खातो म्हणून सांगू नको, सरांसमोर लाज वाटती. म्हणून न्हाई सांगितलं. पर तुझे सर पहिल्यांदा घरी आले बाई. यापरीस चांगलं मी काय वाढणार होते?"