वरचा थर कोणाचा

प्रोग्रॅमिंगच्या तासाला मोनॅड शिकवायला उभी राहिले की आजही माझं डोकं तापतं. त्यात बिचाऱ्या मोनॅडचा काही दोष नाही. दोष आमच्या तेव्हाच्या कॉलेजातल्या मानपानाचा. लोक म्हणतात, जाऊ द्या मॅडम, किती वर्षं झाली. का जाऊ द्यावं? गेलं ते माझं गेलं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. चंद्रपूरच्या एका खाजगी इंजिनियरिंग कॉलेजात मी टेम्पररी लेक्चरर होते. बाबा वीज केंद्रात फिटर, आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरात. त्या उन्हाळ्यात बाबा रिटायर होणार होते आणि क्वार्टर सोडायचं होतं. माझी जागा पक्की झाली तर चंद्रपुरातच घर करायचं, नाही तर गडचिरोलीकडच्या गावी परत. त्या गावात आमचं घर कोणत्या टोकाला आहे ते सांगायला नको. बाबा तरुणपणी तिथून निघाले ते पुन्हा राहायला जायचं नाही असं ठरवूनच. ड्यूटीवर निघताना सायकलला पाय लावून ते मला म्हणायचे, "तू पक्की झाली का आपलं झालं वं." एवढंच.

पक्कं करायला मुलाखत होती आणि मुलाखतीत स्वतःचं काम दाखवायचं होतं. मी प्रॅक्टिकलचे मार्क भरायचा एक प्रोग्रॅम लिहिला होता, आणि तोही फंक्शनल म्हणतात तशा प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. त्या भाषेचं नाव आमच्या स्टाफरूममध्ये कोणी ऐकलं नव्हतं. नेट कॅफेत बसून पानं छापून आणली आणि एकटीच शिकले. त्यात ट्रान्सफॉर्मर म्हणून एक प्रकार असतो म्हटल्यावर बाबा हसले होते, "आमचे तं तेल पेतेत, तुझे काय पेतेत?"

सांगायला सोपं आहे. मोनॅड म्हणजे काम पुढे नेण्याची एक रीत. एका रीतीत आतापर्यंत काय झालं ते आठवणीत ठेवत पुढे जायचं. दुसऱ्या रीतीत चूक दिसली की तिथंच थांबायचं आणि चूक सांगायची. मला दोन्ही पाहिजे होत्या. ट्रान्सफॉर्मर एका रीतीवर दुसरीचा थर चढवून देतो. पण कोणता थर वर आणि कोणता खाली, यावर सगळं ठरतं. पोळीवर भाजी घ्या नाही तर भाजीवर पोळी, पोटात सारखंच. इथं तसं नाही. चूक पकडणारा थर वर आणि आठवणीचा खाली असेल तर चूक झाली तरी आधी भरलेले मार्क राहतात. उलटं केलं तर एका चुकीबरोबर सगळी आठवण जाते. मी चूक वर ठेवली होती, आठवण खाली.

आमच्या विभागप्रमुखांनी, त्यांना मी सरच म्हणते, आठवणीच्या भागात चार ओळी लिहिल्या आणि तो भाग 'माझा' असं जाहीर केलं. करू द्या म्हटलं. पण मी थरांचं चित्र काढून दाखवलं तेव्हा सरांचा चेहरा उतरला.

"मॅडम, माझा भाग खाली काऊन?"

मी समजावलं. फळ्यावर दोनदा काढून दाखवलं. सर "हो, हो" म्हणाले. मला वाटलं, समजलं. समजलं डोंबल! आमच्याकडे सगळं सिनियारिटीने चालायचं. नोटिशीवरच्या सह्या, ग्रुप फोटोतल्या खुर्च्या, चहाचा ट्रे आधी कोणापुढे धरायचा तेसुद्धा. नव्या शिपायाने एकदा माझ्यापुढे आधी धरला तर सरांनी त्याला तासभर झापलं होतं. अशा माणसाला स्वतःचं नाव खालच्या डब्यात कसं पचणार?

मुलाखतीच्या दिवशी कमिटी लॅबमध्ये आली. मी एक अख्खा वर्ग भरून दाखवला. मग बाहेरून आलेल्या तज्ज्ञांना म्हटलं, "सर, आता तुम्ही मुद्दाम चूक करा." त्यांनी हसत हसत पन्नासपैकी साठ मार्क टाकले. प्रोग्रॅमने चूक बरोबर पकडली. मी ऐटीत म्हटलं, "आता बघा, बाकीचे जसेच्या तसे आहेत." आणि यादी उघडली. कोरी! एक पोरगा नाही, एक मार्क नाही.

फाइल उघडली तर थर उलटे. आठवण वर, चूक खाली. मी वळून विचारलं, "सर, हे तुम्ही बदललं?"

"हो, सकाळीच," सर आरामात म्हणाले. "सिनियारिटीप्रमाणे लावलं. कम्पायलर तर काही बोलला नाही."

बोलणार कसा? कम्पायलर म्हणजे प्रोग्रॅम तपासून घेणारा; एक स्वल्पविराम चुकला तर पानभर रडतो, पण थर कसेही लावले तरी त्याच्या लेखी दोन्ही बरोबर. तुम्हाला काय पाहिजे हे त्याला काय माहीत! माझा तोल गेला. "सर, ह्या ग्रुप फोटोच्या खुर्च्या नाहीत!"

मग तज्ज्ञांनी शांतपणे विचारलं की वर-खाली केल्याने नेमकं काय होतं. मी खडू घेतला आणि सगळं सांगितलं. एक शब्द चुकला नाही. फाइल परत सुलटी करून तोच वर्ग, तीच चूक दाखवली. या वेळी सगळे मार्क जागेवर राहिले. तज्ज्ञ म्हणाले, "तुमचं बरोबर आहे." आणि मग तेच पुढे म्हणाले, "पण मॅडम, आपल्या विभागप्रमुखांशी असं बोलतात का?"

संध्याकाळीच निकाल लागला, जागा दुसऱ्याला गेली. सर कॉरिडॉरमध्ये भेटले. मोठ्या मायेनं म्हणाले, "नॉलेज आहे हो तुमच्याकडे, ॲडजस्टमेंट नाही. तुम्हा लोकांले बोलाची लय घाई." तुम्हा लोकांले! त्या दोन शब्दांवर काय बोलायचं ते मला तेव्हा सुचलं नाही. आता सुचतं, पण ऐकायला सर कुठं आहेत.

वीज केंद्राच्या बसने घरी आले. बाबा दारातच उभे होते. माझं तोंड पाहून त्यांना समजलंच, तरी मी पहिल्यापासून सांगितलं. थर, चूक, फळा, सगळं. सांगता सांगता रडले. राग त्यांच्यावरच काढला, "तुमीच म्हणता ना, साहेबापुढे तोंड उघडू नये! घ्या, उघडलं मी!"

बाबांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाले, "तज्ज्ञानं काय म्हटलं म्हणे? तुझं बरोबर आहे?"

"हो."

"सगळ्यायसमोर?"

"हो, बाबा."

"मले नोकरीत कोनी कदी असं म्हनलं नाई," ते म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, चादरीत गुंडाळलं आणि म्हणाले, "चाल, तुझ्या पुस्तकायपासून बांधाले घेऊ. गावाले जा लागते."