एकतीस वर्षं लाल

वेस्टरहुकच्या म्युझियममध्ये बुधवारी आणि शनिवारी खळीचा वास येतो. तो आला की रिक्ये बेउकर्स कामावर आली, हे धक्क्यावर धुरी दिलेली वाम विकणाऱ्यालाही कळतं. पंच्याऐंशी वर्षांची ही बाई मागच्या खोलीत ओले क्राप्लाप फळीवर ताणून बसवते. खांद्यांवर घालायचे हे फुलाफुलांचे सुती तुकडे वाळले की पुठ्ठ्यासारखे ताठ होतात. मग बसमधून उतरलेल्या बायका ते चढवून, पायांत लाकडी बूट अडकवून, माशांच्या पिंपाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतात. पाच मिनिटांत त्यांच्या मानेला रग लागते. रिक्ये तो रोज घालते, सायकलवरसुद्धा. रोज घालणाऱ्या गावात आता नऊ जणी उरल्यात आणि त्यांतल्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

रिक्येचा स्वतःचा क्राप्लाप गडद जांभळा. नवरा हार्मेन अकरा वर्षांपूर्वी आपल्या बिछान्यात, कॉफी अर्धी टाकून गेला. नवरा असेपर्यंत लाल, तो गेला की आधी काळा, मग जांभळा, आणि म्हातारी विधवा जांभळ्यावरून मागे फिरत नाही. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. आमच्याकडे बाई बांधावरून चालत आली की तिच्या घरात कोण गेलं आणि केव्हा, हे लांबूनच दिसतं.

या वसंतात म्युझियममध्ये नवं काचेचं कपाट आलं. ते भरायचं काम फेनाकडे होतं. ही उत्रेख्त शहरातून आलेली मुलगी, कामाला वाघ, पण कपडे वाचायला अजून शिकायची होती. तिनं गावभर जुन्या वस्तू मागितल्या तेव्हा रिक्येनं पेटीतून दोन क्राप्लाप काढून दिले, एक लाल आणि एक काळा.

"आईचे आहेत," एवढंच म्हणाली.

कपाट उघडलं त्या शनिवारी रिक्येनं चष्मा लावून खालची चिठ्ठी वाचली. 'एकाच स्त्रीचे दोन क्राप्लाप. लाल रोजच्या वापरानं विरलेला. शोकाचा काळा जवळजवळ नवा. पाण्यावर पोट भरणाऱ्या गावातलं हे एक नशीबवान घर.'

तिनं ती तीनदा वाचली. मग मागे जाऊन खळ ढवळत बसली आणि खळीच्या गाठी झाल्या. असं तिच्या हातून चाळीस वर्षांत झालं नव्हतं.

बाप एफर्ट अडतीस सालच्या ऑक्टोबरात धाकट्या भावाला घेऊन वाम धरायला गेला. रिक्ये तेव्हा वर्षाची. दोघं आले नाहीत, नाव आली नाही, फळीचा तुकडाही आला नाही. भावाच्या बायकोनं आठवड्यात काळं घातलं. रिक्येची आई ग्रित्ये मात्र रविवारी चर्चमध्ये आली ती लाल फुलांचा क्राप्लाप घालून. पहिल्या वर्षी लोकांनी दया म्हणून तोंड आवरलं. नंतर कशाला आवरतील? ही दुसरा शोधतेय, असं बोलू लागले. ती बाकावर येऊन बसली की शेजारची सरकायची आणि मागून कुजबुज यायची, "आलं बघ फुलांचं दुकान."

सोळाव्या वर्षी रिक्येला हे सहन होईना. धक्क्यावर मैत्रिणी हसल्या त्या दिवशी ती तणतणत घरी आली.

"काळं घाल! सगळं गाव हसतंय आपल्याला. मेलाय तो. सगळ्यांना कळतं, तुलाच कळत नाही."

आई बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि उद्या दारात येऊन उभा राहिला म्हणजे? मला काळ्यात बघून काय वाटेल त्याला? मी त्याला मेलेलाच धरून बसले होते, असंच ना?" सोललेला बटाटा पाण्यात टाकून म्हणाली, "ती दुसरी सुरी घे. हे राहिलेत सोलायचे."

रिक्येनं सुरी घेतली, पण माफी मागितली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

पुढे सरकारनं बांध घालून समुद्रच उपसून काढला. जिथं वाम धरायचे तिथं गहू डोलायला लागला. एकोणसत्तर साली तिकडे चर खणताना यंत्राला नाव लागली. तिच्यात एक लोखंडी शेगडी होती, दोन जोड बूट होते, थोडी हाडं होती आणि विजारीची दोन चांदीची बटणं होती, एफर्ट आणि ग्रित्येची अक्षरं कोरलेली. पोलिसानं बटणं पाकिटात घालून आणली. आईनं ती टेबलावर ठेवली, पेटीतलं काळं कापड काढलं, त्याच दिवशी बेतलं, शिवलं, खळ घातली. काळा तिनं सहा आठवडे घातला. त्या हिवाळ्यात न्यूमोनियानं ती गेली.

हे सगळं फेनाला सांगायला दहा मिनिटं लागली असती. पण सांगायचं तर सोळाव्या वर्षीचंही सांगावं लागणार, आणि ते रिक्येनं हार्मेनलाही कधी सांगितलं नव्हतं.

"ती चिठ्ठी चुकलीय," ती एकदा फेनापाशी जाऊन म्हणाली.

"काय चुकलंय, रिक्येमावशी?"

रिक्येनं बोटानं काच पुसली. "सुती आहे ते. सुती लिहायचं राहिलंय."

फेनानं लगेच 'सुती' लिहून टाकलं. आता चिठ्ठी आणखीच खरी वाटायला लागली.

बुधवारी पाहुण्यांतली एक बाई नवऱ्याला ती वाचून दाखवत होती. "बघ ना, किती छान! नशीबवान घर." रिक्येच्या हातातला ओला तुकडा फळीवर पडला. ती हात पुसत बाहेर आली.

"फेना, कपाट उघड. त्या लालला खळ घालायची राहिलीय."

शनिवारी ती खिडकीपाशी आपल्या जागी बसली, ती आईचा लाल घालून. कापड इतकं विरलं होतं की टाचणी जपून लावावी लागली.

साडेदहाला नेहमीप्रमाणे हिले आली. ही तिची शाळेपासूनची मैत्रीण, वर्षानं मोठी. दोन कॉफ्या घेऊन ती दारातच थबकली.

"रिक्ये! अगं, हे काय ध्यान? हार्मेनची विधवा ना तू? लाजबीज आहे की नाही?"

"आईलाही हेच विचारायचात तुम्ही सगळ्या."

फेना टेबलामागून उठली. "काय झालं? काही चुकलं का?"

मग रिक्येनं सांगितलं, बसमधल्या लोकांदेखत. बाप, नाव, चर्चमधला बाक, चांदीची बटणं, सहा आठवडे. आणि ज्यासाठी सत्तर वर्षं तोंड शिवून ठेवलं होतं तेही सांगितलं, शब्दाला शब्द. 'मेलाय तो' म्हणताना तिचा आवाज फाटला.

फेनाचे डोळे भरून आले. तिनं कपाटातली चिठ्ठी काढून चुरगाळली. "मावशी, मला ठाऊक नव्हतं हो. आता काय लिहू?"

"लिही, एकतीस वर्षं वाट पाहिली म्हणून लाल विरला. आणि लिही, पोटच्या पोरीनं तिला 'काळं घाल' म्हणून सुनावलं."

"ते कशाला लिहायचं? तुम्ही लहान होतात."

"लिही. त्याशिवाय तिला तो लाल किती जड गेला, ते लोकांना कसं कळणार?"

फेनानं कागद ओढला. हिले अजून दारातच होती. तिनं दोन्ही कप खिडकीत ठेवले, वाकून रिक्येच्या खांद्यावरची निसटलेली टाचणी नीट लावली आणि फेनाकडे वळली.

"माझंही नाव घाल त्यात," ती म्हणाली. "फुलांचं दुकान मीच म्हणायचे."